आधी रिकामी बाटली

त्या इस्पितळात एक कपाट होतं. लोखंडी, हिरव्या रंगाचं, समोर काचेची छोटी चौकट असलेलं, आणि त्याला दोन कुलपं. एका कुलपाची किल्ली बड्या डॉक्टरांकडे आणि दुसरी औषधखात्याच्या साहेबांच्या गळ्यात, जाड काळ्या दोऱ्यात ओवलेली. दोन्ही किल्ल्या एकदम फिरल्या तरच दार उघडायचं. त्या साहेबांना सगळे किल्लीसाहेब म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्याचा राग येत नसे. उलट कुणी नुसतं साहेब म्हटलं तर ते जरा हिरमुसत.

कपाटात मॉर्फिनच्या बाटल्या होत्या. जगातल्या शहाण्या लोकांनी कुठल्याशा मोठ्या सभेत या औषधाबद्दल दोन गोष्टी ठरवल्या होत्या. एक, नशा करणाऱ्याच्या हाती याचा थेंबही पडू नये. दुसरी, वेदनेनं तळमळणाऱ्या माणसाला ते मिळालंच पाहिजे, तो त्याचा हक्क. इस्पितळानं दोन्ही गोष्टी एकाच कपाटात बसवल्या होत्या. औषध आणून ठेवलं, म्हणजे दुसरी पाळली. कुणाला दिलं नाही, म्हणजे पहिली पाळली.

धाकटीला यातलं काही ठाऊक नव्हतं. सत्तरी उलटलेल्या बाईला धाकटी म्हणणं बरं दिसत नाही, पण त्या घरात ती शेवटची सून म्हणून आली आणि त्यानंतर कुणी आलंच नाही, त्यामुळे ती धाकटीच राहिली. थोरल्या जावेसाठी तरुण डॉक्टरनं लिहून दिलेला कागद घेऊन ती औषधांच्या खिडकीपाशी उभी होती.

"रिकामी बाटली?" खिडकीतला औषधवाला म्हणाला.

"रिकामी कशाला? मला भरलेली न्यायचीय."

"आजी, भरलेली हवी तर आधी रिकामी जमा करायची. नियम आहे. नाहीतर रिकाम्या बाटल्या गावभर फिरतात, लोक त्यात काहीबाही भरून विकतात."

"अरे, पण मी पहिल्यांदाच आलेय."

"तीच तर अडचण आहे. दुसऱ्यांदा आला असतात तर काही प्रश्न नव्हता."

"मग पहिल्यांदा कधी देता?"

"रिकामी आणली की."

धाकटीनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. थट्टा करत असावा, असं तिला वाटलं. पण तो थट्टा करत नव्हता. माणूस वाईट नव्हता. मागे कुणी नाही असं पाहून तो खिडकीच्या गजांपाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "खरं सांगू का? बाहेर चौकात त्या टपरीमागे सगळं मिळतं. तिथे रिकामी बाटली कुणी मागत नाही. पण तुम्ही जाऊ नका हं. भेसळ असते."

थोरली वरच्या मजल्यावर भिंतीकडच्या खाटेवर होती. दुखणं हाडांत उतरलं होतं. आता बरं करायचं काही उरलेलं नाही, फक्त दुखू द्यायचं नाही एवढंच हातात आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि नेमकं तेवढंच त्यांच्या हातात नव्हतं. तिच्या उशाशी भिंतीवर एक मोठं चित्र होतं. त्यात कवटी, आणि खाली लाल अक्षरं: 'एक थेंब नशेचा, घास घेई आयुष्याचा'. सगळ्या खोल्यांत हे चित्र लावायचा हुकूम होता, म्हणून इथेही लावलं होतं.

पहिल्या दिवशी थोरलीनं चष्मा लावून ते वाचलं आणि तरुण डॉक्टरला विचारलं, "घास तर घेतलाच आहे. मग थेंब का नाही?"

तो बिचारा लाजला. "आजी, त्याचं काय असतं, या औषधाची सवय लागते."

"किती दिवसांत लागते?"

"तसं म्हणजे... काही महिन्यांत."

"एवढे महिने आहेत का माझ्याकडे?"

डॉक्टरनं हातातले कागद उगाच वरखाली केले.

"लागू दे की रे," थोरली म्हणाली. "जन्मभर चहाखेरीज सवय लागली नाही मला कशाची. आता एखादं व्यसन लागलं तर नावं ठेवायला सासूही उरली नाही."

हे पहिल्या दिवशी. मग थोरलीचं बोलणं आटत गेलं. आणि धाकटीला खरी भीती वाटली ती तेव्हा. कारण या दोघी जावा एका घरात, एका चुलीवर, पन्नास वर्षं भांडत आल्या होत्या. खिडकी उघडी की बंद, रेडिओ मोठा की बारीक, भाजीत मीठ कुणी घातलं आणि कुणी दुसऱ्यांदा घातलं. दोघींचे नवरे गेले, मुलं आपापल्या गावी गेली, तरी भांडण घरातच राहिलं, जुन्या भाडेकरूसारखं. आणि एक दिवस दात आवळून, चादरीचं टोक मुठीत पिळत थोरली म्हणाली, "तुला माझ्यापायी फार त्रास होतोय गं." असं गोड वाक्य तिच्या तोंडून धाकटीनं कधी ऐकलं नव्हतं. ती बाहेर जिन्यात जाऊन रडून आली. जावेला काहीतरी पार आतून खाऊन टाकत होतं, आणि सगळ्यात आधी तिचा खवचटपणा खाल्ला होता.

धाकटी रोज खिडकीशी जाई. औषधवाला रोज हळहळे. तरुण डॉक्टर रोज कागदावर नवी सही करून देई, कारण कालची सही आज शिळी होत असे. सहीत त्यानं कधी कसूर केली नाही.

एके दुपारी ती घरी आली आणि थोरलीच्या झग्याची उसवलेली बाही शिवायला मशीनवर बसली. मशीन कुरकुरायला लागली, म्हणून तिनं तेलाची बाटली उचलली. तपकिरी, जाड काचेची, बुटकी बाटली. हीच बाटली ती वर्षानुवर्षं उचलत आली होती. पण त्या दिवशी ती खिडकीच्या उजेडात धरली गेली आणि काचेवर उठवलेली अक्षरं तिला दिसली. इस्पितळाचं नाव आणि खाली त्याचं चिन्ह, वाटीतून पाणी पिणारा पक्षी.

मग तिला सगळं आठवलं. सासऱ्यांचं शेवटचं वर्ष. तेव्हा इस्पितळ बैठं होतं, कौलारू, दाराशी एक बाक. कंपाउंडर ढेरपोट्या, कानाला पेन लावलेला. मोठ्या बरणीतून औषध ओतून द्यायचा, बुचाला दोरा बांधायचा आणि सांगायचा, "दुखलं की एक चमचा. जास्त दुखलं तर मला निरोप पाठवा." बस्स. कुणी रिकामी मागितली नाही, किल्ली फिरवली नाही. सासरे आरामखुर्चीत बसून रेडिओवरच्या बातम्या ऐकायचे आणि बातम्या देणाऱ्याच्या चुका काढायचे. दोन्ही सुनांनी चहा कसा करावा यावर व्याख्यान द्यायचे. गेले त्या दुपारीसुद्धा, थोरलीला फाटक नीट लावत नाही म्हणून बोलत होते. बोलता बोलता डुलकी लागली ती लागलीच. घरात कुणी नशेबाज झालं नाही. सासरे रागावत रागावत गेले, आणि माणसानं जायचं ते असंच, असं त्या घरात सगळ्यांना वाटायचं.

धाकटीनं तेल एका वाटीत ओतलं, बाटली फडक्यात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"रिकामी बाटली?" औषधवाला सवयीनं म्हणाला.

तिनं बाटली पुढे केली.

आता इथे सांगायला हवं की त्या औषधवाल्यानं हे वाक्य आजवर किती जणांना म्हटलं असेल त्याला गणती नाही, पण पुढे काय करायचं याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. हाताला मात्र ते पाठ होतं. शिकवणीच्या वर्गात घोटून घेतलं होतं ना. हातानं झडप घालून बाटली घेतली, 'जमा' असा शिक्का पावतीवर हाणला, पावती धाकटीच्या हातात दिली आणि बाटली आतल्या जाळीच्या खोक्यात टाकली. त्या खोक्याचं झाकण पडलं की किल्लीसाहेबांखेरीज कुणाला उघडता येत नसे. मग औषधवाला भानावर आला, पण तोवर झाकण पडलं होतं.

"आजी," तो म्हणाला, "हे काय केलं मी?"

किल्लीसाहेब आले. बाटली पाहिली, चिन्ह पाहिलं, आणि त्यांचा हात आपोआप गळ्यातल्या किल्लीकडे गेला.

"ही कुठून आणली?"

"तुमच्याकडूनच."

"आम्ही आजवर कुणालाही बाटली दिलेली नाही," किल्लीसाहेब म्हणाले. अभिमानानंच म्हणाले. "एकही नाही."

"सासऱ्यांना दिली होती. तेव्हा तुम्ही चड्डीत असाल."

धाकटीला बड्या डॉक्टरांच्या खोलीत नेण्यात आलं. तिथे गालिचा झटकणं चाललं होतं, फुलदाण्या पुसणं चाललं होतं, कारण दुसऱ्याच दिवशी परदेशी पाहुणे यायचे होते. इस्पितळाला मानाची ढाल मिळणार होती. ज्या इस्पितळातून या औषधाची एकही बाटली गहाळ झाली नाही, त्याला ती द्यायची असते, आणि या इस्पितळानं तर गहाळ व्हायला एकही बाटली बाहेर सोडली नव्हती.

"परत द्या त्यांना त्यांची बाटली," बडे डॉक्टर म्हणाले. "एवढं काय त्यात?"

"जमा झालेली बाटली बाहेर गेली, साहेब, तर तीच गळती."

"मग फोडून टाका."

"फोडायला समिती लागते. समितीत पोलीस लागतो."

"बरं, मग राहू दे तिथेच. दिसतं काय हिशोबात?"

"गेल्या शून्य, आली एक."

बड्या डॉक्टरांच्या तोंडावर जरा आशा उमटली. "म्हणजे आपली गळती शून्यापेक्षाही कमी?"

"पाहुण्यांना गणित येतं, साहेब."

किल्लीसाहेब धाकटीकडे वळले आणि आवाज कडक करून म्हणाले, "आजी, तुम्हाला कल्पना आहे का, असली बाटली इतकी वर्षं घरात बाळगणं गुन्हा ठरू शकतो? आत जावं लागेल."

"जाईन की," धाकटी म्हणाली. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे तिनं ऐकलं होतं, आज संन्याशाच्या जागी बसून पाहिलं. "पण जाऊबाईंना एकटं सोडून जाता येणार नाही. त्यांनाही आत घ्या. तुरुंगात म्हणे डॉक्टर असतो. इथल्यापेक्षा तिथे लवकर औषध मिळालं तर बरंच होईल."

बाहेर कुणीतरी गालिचा बडवत होतं, त्याचा धप्प धप्प आवाज येत होता. थोड्या वेळानं किल्लीसाहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. पाय कापावा लागेल हे नातेवाइकांना सांगताना शल्यविशारद जसा आवाज लावतात, तसा आवाज लावून ते म्हणाले, "साहेब, एकच मार्ग दिसतो. एक बाटली... द्यावी लागेल."

"कुणाला?"

"यांच्या पेशंटला. म्हणजे गेली एक, आली एक. जुळतं."

"दुसरा काहीच उपाय नाही?"

"मी रात्रभरसुद्धा विचार केला असता, पण वेळ नाही."

खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येणाऱ्या थोरलीच्या किंकाळ्यांनी जे काम झालं नव्हतं, ते एका बेरजेनं झालं. धाकटीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं पदराला हात पुसले आणि उठली. कपाट उघडेपर्यंत ती तिथून हलणार नव्हती.

कपाट उघडेना. दर पाहुण्याआधी त्याला हिरवा रंग दिला जाई, आणि तो रंग ओघळून कुलपांत जाऊन बसला होता. बड्या डॉक्टरांची किल्ली निम्मी फिरली, किल्लीसाहेबांची मुळीच नाही. दोघे खांद्याला खांदा लावून जोर करत होते, चिखलात रुतलेल्या घोडागाडीच्या घोड्यांसारखे.

"तेल पाहिजे," औषधवाला म्हणाला.

"त्या बाटलीच्या बुडाशी आहे थोडं," धाकटी म्हणाली. "मशीनचं आहे, पण चांगलं आहे."

मग खोकं उघडून, जमा झालेल्या बाटलीतलं बुडाशी राहिलेलं तेल कुलपांत सोडण्यात आलं. हे नियमात बसतं का यावर किल्लीसाहेब जरा घुटमळले, पण नियमात बाटलीबद्दल लिहिलं होतं, तेलाबद्दल नव्हतं. दार उघडलं. तरुण डॉक्टरनं बाटली हातात घेऊन तारीख वाचली आणि चकित होऊन म्हणाला, "अजून मुदत संपलेली नाही." त्या दिवशी त्या इमारतीतलं सगळ्यात मोठं नवल तेच होतं.

संध्याकाळी थोरलीला पहिला चमचा मिळाला, मग ठरल्या वेळी दुसरा, तिसरा. डॉक्टर स्वतः उभा राहून मोजून देत होता. सकाळ होता होता चादरीचं टोक तिच्या मुठीतून सुटलं. चेहऱ्यावरची ती आवळलेली गाठ उकलली. ती झोपली, तोंड थोडं उघडं टाकून, घोरत. ते घोरणं ऐकून धाकटीला इतकं बरं वाटलं की ती खाटेशी खुर्ची ओढून नुसती बसून राहिली. याच घोरण्यावरून त्यांची पूर्वी भांडणं झाली होती.

पाहुणे आले. दोघे होते. एक नियंत्रणवाले साहेब, उंच, सडसडीत, काखेत जाडजूड पुस्तक. एक हक्कवाल्या बाई, गळ्यात रुंद रुमाल, डोळ्यांत सतत पाणी. दोघे एकाच गाडीतून आले, पण साहेब आपल्या खिडकीतून बाहेर पाहत आणि बाई आपल्या.

साहेबांनी काचेच्या चौकटीतून बाटल्या मोजल्या. एक जागा मोकळी दिसताच त्यांची भुवई वर गेली. किल्लीसाहेबांनी लगेच रिकामी बाटली पुढे केली आणि आलेल्या व गेलेल्या बाटलीच्या दोन्ही पावत्या दाखवल्या. साहेबांनी दोन्हीवरच्या वेळा ताडून पाहिल्या, पुन्हा ताडून पाहिल्या, आणि पुस्तक मिटलं. जगात ते पुष्कळ फिरले होते, तरुण डॉक्टरनं भाषांतर करून सांगितलं, सगळीकडे आधी भरलेली जाते आणि मग रिकामी येते, पुष्कळदा येतच नाही. रिकामी आधी आणि भरलेली नंतर, ही शिस्त त्यांनी इथेच पाहिली.

बाईंना मात्र रुग्णाचा आवाज ऐकायचा होता.

"त्या झोपल्यात," धाकटी म्हणाली.

"उठवा ना," बडे डॉक्टर तिच्या कानाशी पुटपुटले. "दोन मिनिटं. मग झोपतीलच."

"त्यांना उठवायचं तर आधी मला इथून उठवावं लागेल. आणि माझे गुडघे धरलेत."

बाईंनी हात जोडून काहीतरी म्हटलं. डॉक्टरनं सांगितलं, "त्या म्हणतात, आजींचा आवाज जगापर्यंत पोचणं फार महत्त्वाचं आहे."

"सांगा त्यांना, तो आवाज मी पन्नास वर्षं ऐकतेय. पळून जात नाही. जेवून या म्हणावं."

पाहुणे जेवून आले. तोवर थोरली उठून, उशीला टेकून बसली होती. चेहरा पांढरा, पण डोळे तेच. जाग आल्या आल्या तिनं सांगितलं होतं की धाकटीनं वेणी घालताना भांग वाकडा पाडलाय, आणि झग्याची बाही अशी शिवलीय की शिंपी पाहील तर संन्यास घेईल. धाकटीनं तोंड फिरवून डोळे पुसले आणि म्हणाली, "मग नका घालू. उघड्या बसा पाहुण्यांपुढे."

बाई खाटेच्या कडेला बसल्या. थोरलीचा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, वेदनेतून सुटका मिळणं हा आपला हक्क आहे, हे आजींना माहीत होतं का?

थोरलीनं विचार केला. "हक्क?" ती डॉक्टरला म्हणाली. "मग ही माझी जाऊ रोज कुणाच्या पाया पडत होती? विचार त्यांना, तुमच्या देशात हक्क मागायला गेलं तर आधीचा रिकामा हक्क परत करावा लागतो का?"

डॉक्टरनं एकदा बड्या डॉक्टरांकडे पाहिलं आणि मग बाईंना काहीतरी सांगितलं, फार थोड्या शब्दांत. बाईंचे डोळे भरून वाहिले. त्यांनी थोरलीला मिठी मारली. फोटो निघाले.

"काय सांगितलंस रे?" थोरलीनं नंतर विचारलं.

"तुम्ही आभार मानलेत म्हणून."

"खोटारडा," थोरली म्हणाली, पण मायेनं म्हणाली. "मोठा डॉक्टर होशील."

ढाल मिळाली. या खेपेला दोन मिळाल्या, एक नियंत्रणाची आणि एक हक्काची, आणि त्या हिरव्या कपाटावर शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. आधी रिकामी, मग भरलेली, ही पद्धत इतर इस्पितळांनीही घ्यावी अशी शिफारस साहेबांच्या पुस्तकात लिहिली गेली म्हणतात. खिडकीवर तशी ठळक पाटीही लागली. थोरलीची काळजी आता मिटली होती. तिची बाटली संपली की तिच्याजवळ स्वतःची रिकामी असणार होती.

शेजारच्या खाटेवरची बाई मात्र भिंतीकडे तोंड करून कण्हत होती. तिच्या दुखण्याचाही तोच कागद होता, त्याच डॉक्टरच्या सहीचा. तिची लेक खिडकीशी जाऊन आली आणि खाटेच्या पायथ्याशी बसली. काय झालं, असं कुणी तिला विचारलं नाही. सगळ्या खोलीला ठाऊक होतं.

थोरली बराच वेळ त्या मुलीकडे पाहत राहिली. मग तिनं धाकटीला कोपरानं ढोसलं.

"अगं, बसलीस काय? ऊठ. हिच्याबरोबर हिच्या घरी जा. माळा बघा, मोरीवरचं फडताळ बघा, दिव्याचं तेल कशात ठेवतात ते बघा. त्यांच्याही घरात त्या काळी कुणीतरी नीट मेलं असेलच की."

धाकटी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि त्या मुलीला म्हणाली, "चल गं. घरी शिडी आहे का?"